राज्यशास्त्रातल्या पीएचडीच्या अर्जाबद्दलही सविस्तर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअर पुरवणीतले परदेशी शिक्षणावरचे लेख मी नेमाने वाचते, कात्रणं वर्गात फिरवतेसुद्धा. पण त्यात सगळा भर इंजिनिअरिंग, एमबीए, डेटा सायन्स यांच्यावर असतो आणि राज्यशास्त्राचा उल्लेख आलाच तर एखाद्या ओळीत, तीही ठरलेली, मार्क चांगले ठेवा, जीआरई (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा) द्या, पैशाची सोय करा. अमेरिकेत राज्यशास्त्राच्या पीएचडीला अ‍ॅप्लाय करणाऱ्या मुलामुलींना मी बरीच वर्षं मदत करतेय, त्यांचे एसओपी, म्हणजे कशावर आणि का संशोधन करायचंय हे सांगणारी निवेदनं, वाचते, शिफारसपत्रं लिहिते, म्हणून मुद्दाम कळवतेय की या एका ओळीने खरंच नुकसान होतं. हुशार मुलं अर्जच करत नाहीत, किंवा करतात तेव्हा भलतंच काहीतरी लिहून पाठवतात. ज्यांच्या घरातलं किंवा ओळखीतलं कोणी आधी या वाटेने गेलंय त्यांना सगळं बसल्या जागी कळतं, बाकीच्यांना कुणी सांगतच नाही आणि मग ती मुलं समजतात की आपणच कमी पडलो.

आधी पैशाचं बोलते, कारण बहुतेक जण तिथेच थांबतात. पैशाची सोय करा हा सल्ला एमएसाठी बरोबर आहे, तिथे बहुतेक ठिकाणी फी आपल्यालाच भरावी लागते. पीएचडीचं तसं नसतं. अमेरिकेतल्या चांगल्या डिपार्टमेंटने पीएचडीला घेतलं की साधारण पाच वर्षं फी माफ, हेल्थ इन्शुरन्स आणि राहण्या-जेवण्यापुरता स्टायपेंड मिळतो, त्या बदल्यात काही सेमिस्टर टीचिंग असिस्टंट म्हणून काम करायचं नाहीतर एखाद्या प्रोफेसरांच्या संशोधनात हातभार लावायचा. एमए झालेलंच पाहिजे अशी अटही बऱ्याच ठिकाणी नसते, पदवीनंतर थेट अर्ज करता येतो, फक्त तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठांना चालत नाही तेवढं त्यांच्या वेबसाइटवर आधी बघून घ्यायचं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण कर्जाचा आकडा डोळ्यासमोर आणून आधीच माघार घेतात. आणि दुसरीकडे असंही होतं की पीएचडीला नकार येतो, सोबत आमच्या एमएला या असं गोड पत्र येतं, आणि घरचे मोठं कर्ज काढून पाठवतात. माझं ठाम मत आहे की फंडिंग नसलेली पीएचडी घेऊच नये, आणि तसल्या एमएला हो म्हणण्याआधी तिथून पुढे पीएचडीला किती जण गेले हे डिपार्टमेंटला स्पष्ट विचारावं. विचारण्यात काहीही चूक नाही.

अर्जाची फी मात्र खरोखर जड जाते, प्रत्येक विद्यापीठाची वेगळी, आणि आठ-दहा ठिकाणी अर्ज केला की बेरीज कुठल्या कुठे जाते. पण फी माफीची सोय बऱ्याच ठिकाणी असते, फॉर्म भरायचा किंवा ऑफिसला साधा ईमेल करायचा. परदेशी विद्यार्थ्यांना ती सगळीकडे मिळत नाही, तरी विचारून बघायला काय हरकत आहे.

आता एसओपी. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त एसओपी लहानपणापासून मला राजकारणाची आवड आहे इथून सुरू होतात, मग शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा, मग देशसेवा. ही भावना खोटी नसते, मला तिचा आदर आहे. पण अ‍ॅडमिशन कमिटीसमोर शेकडो अर्ज असतात आणि जागा दहा-पंधरा, फार तर वीस, आणि आवड सगळ्यांनाच असते. कमिटी बघते की या व्यक्तीला संशोधनाचा प्रश्न मांडता येतो का. मला लोकशाहीवर काम करायचंय हा झाला नुसता विषय. दोन शहरं आहेत, दोन्हीकडे तशीच मिश्र वस्ती, तसाच ताण, मग एका ठिकाणी दंगल पेटते आणि दुसऱ्या ठिकाणी पेटत नाही, असं का, हा झाला प्रश्न. त्याचं उत्तर आत्ता माहीत असायची गरज नाही, पण आजवर कोणी काय उत्तरं दिलीत, ती कुठे अपुरी वाटतात, आणि आपण ते कसं तपासू, म्हणजे जुनी कागदपत्रं बघणार का, मुलाखती घेणार का, आकडेवारी लावणार का, एवढं दोन पानांत यायला पाहिजे. स्वतःबद्दल लिहायचं ते या प्रश्नापर्यंत आपण कसे पोचलो तेवढंच. घरची परिस्थिती, अडचणी, हे सांगायचं असेल तर बरीच विद्यापीठं त्यासाठी वेगळं पर्सनल स्टेटमेंट मागतात, तिथे मोकळेपणाने लिहावं.

याच्याच जोडीला फिट, म्हणजे तुमचा प्रश्न आणि तिथले प्रोफेसर यांचा मेळ. हा शब्द तिथले लोक सारखा वापरतात आणि इकडच्या मुलांना तो कुणी समजावून सांगत नाही. राज्यशास्त्र तिकडे उपशाखांत वाटलेलं आहे, अमेरिकन राजकारण, तुलनात्मक राजकारण, आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धांत, संशोधन पद्धती, काही ठिकाणी पब्लिक लॉ, आणि अर्जातच आपली शाखा सांगावी लागते. तुमच्या प्रश्नावर काम करणारे निदान दोन-तीन प्रोफेसर तिथे हवेत, नाहीतर अर्ज कितीही चांगला असला तरी शिकवणार कोण. रँकिंग बघून अर्ज करायची आपली सवय इथे घात करते, पहिल्या पाचातल्या डिपार्टमेंटमध्ये तुमच्या विषयाचं माणूसच नसेल आणि पंचविसाव्या क्रमांकावरच्या ठिकाणी चौघं असतील, असं सर्रास असतं. म्हणून त्या लोकांचे पेपर वाचून मगच नावं लिहायची, वेबसाइटवरून उचललेली नावं लगेच ओळखू येतात. ब्रिटनमध्ये पद्धत वेगळी आहे, तिथे आधी मास्टर्स, मग पूर्ण संशोधन आराखडा, आणि बहुतेक वेळा गाइडशी आधीच बोलणं होतं. अमेरिकेत साधारणपणे कमिटी ठरवते, पहिली दोन वर्षं कोर्सवर्क, मग मोठी परीक्षा, आणि त्यानंतर प्रबंधाचा आराखडा. त्यामुळे प्रोफेसरांच्या ईमेलला उत्तर आलं नाही म्हणून खचून जायचं कारण नाही.

गणिताबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. राज्यशास्त्र म्हणजे गणितापासून सुटका असं समजून गेलेली मुलं पहिल्याच सेमिस्टरला रिग्रेशन (आकडेवारीतून संबंध शोधणं), गेम थिअरी (डावपेचांचं गणित) आणि आर या संगणकाच्या भाषेत कोड लिहिणं बघून घाबरतात, कारण राजकीय सिद्धांत सोडला तर बहुतेक शाखांना ते करावंच लागतं. हे सगळं आकड्यांवर नेऊ नका अशी लढाई त्या विषयात मोठी झालीय, 2000 साली पेरेस्ट्रॉइका या नावाने एक निनावी ईमेल फिरला आणि त्यावरून अमेरिकन संशोधकांत बराच काळ वाद पेटला होता, त्यामुळे मुलाखती, फील्डवर्क, जुने दस्तऐवज यांना जागा आहेच. पण उलट बाजूने, गणित कच्चं आहे म्हणून दार बंदच असंही मानू नका. अमेरिकन संशोधक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना गणित पुरेसं झालेलं नाही म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळाला नाही, त्यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्यशास्त्रात पीएचडी केली, 1965 साली पूर्ण केली, आणि 2009 मध्ये अर्थशास्त्राचंच नोबेल मिळवलं, ते मिळवणाऱ्या पहिल्या बाई. जंगलं, पाणी, मासेमारी अशा सामायिक गोष्टी लोक सरकारशिवाय आणि खासगी मालकीशिवायही नीट सांभाळू शकतात का, हा एक प्रश्न त्यांनी कित्येक वर्षं सोडला नाही. मी हे प्रत्येक बॅचला सांगते आणि सांगताना मला स्वतःलाच बळ येतं.

जीआरईबद्दल थोडक्यात, 2020 नंतर अनेक डिपार्टमेंटनी ती ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली, काही ठिकाणी अजून लागते, आणि सप्टेंबर 2023 पासून परीक्षा दोन तासांच्या आत संपते. त्यामुळे आधी यादी करा, मग क्लासची फी भरा. रायटिंग सॅम्पल मात्र सगळ्यांनी फार हलक्यात घेतलेलं असतं. पंचवीसेक पानांचा एखादा चांगला पेपर, त्यात युक्तिवाद स्वतःचा पाहिजे, नुसता आढावा चालत नाही, आणि तो शेवटच्या महिन्यात होत नाही.

आता माझ्याच पेशातल्या लोकांसाठी कळकळीने. शिफारसपत्रं साधारण तीन लागतात, आणि आपण बहुतेक जण ती कशी लिहितो, विद्यार्थी हुशार आहे, नम्र आहे, वक्तशीर आहे, त्याला शुभेच्छा. असं पत्र वाचून तिकडे काहीच कळत नाही, किंबहुना नुकसानच होतं, कारण शेजारच्या अर्जात तीन पानी पत्र असतं ज्यात लिहिलेलं असतं की या मुलीने अमुक पेपरमध्ये अमुक मुद्दा काढला, मी त्यावर आक्षेप घेतला, तिने परत जाऊन पुरावा शोधून आणला. विद्यार्थ्याकडून त्याचा एसओपी आणि पेपर मागून घ्या, एक संध्याकाळ द्या. आणि पत्र तूच लिहून आण, मी सही करतो, ही पद्धत कृपा करून बंद करा. आपल्याला स्वतःबद्दल काय लिहायचं हे वीस-बावीस वर्षांच्या मुलाला कसं कळणार. मुलांनीही मोठ्या पदावरच्या माणसाच्या मागे लागू नये, ज्याने तुमचं काम वाचलंय त्याचं पत्र कुलगुरूंच्या चार ओळींपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

बऱ्याच डेडलाइन डिसेंबरमध्ये असतात, काही जानेवारीत, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. एक गोष्ट प्रत्येकाला माहीत हवी, अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेला एक करार आहे, त्यानुसार फंडिंगसकट आलेल्या ऑफरला 15 एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही. कोणी आठवड्यात हो की नाही सांगा म्हणून दबाव आणला तर घाबरून हो म्हणू नका, नम्रपणे ही तारीख सांगा. दोन ऑफर असतील तर दुसरीचा आकडा सांगून स्टायपेंडबद्दल विचारता येतं, आपल्याकडच्या मुलांना हा उद्धटपणा वाटतो, तिकडे ते रोजचं आहे.

आणि वाईट बातमीही मुलांपासून लपवू नये. पीएचडीला सहा-सात वर्षं सहज जातात, आणि नंतर प्राध्यापकाच्या कायम नोकऱ्या पीएचडी झालेल्यांच्या मानाने फार कमी आहेत. त्यात 2025 मध्ये सरकारी संशोधन निधीला कात्री लागल्यावर काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या. त्यामुळे यंदा नकार आला तर तो अनेकदा बजेटचा किंवा फिटचा असतो, पुढच्या वर्षी चांगला एसओपी घेऊन परत अर्ज करणारे घेतले जातात हे मी पाहिलंय. डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर प्लेसमेंटचं पान असतं, आधीचे विद्यार्थी कुठे लागले ते तिथे दिसतं, अर्ज करायच्या आधी ते वाचावं, आणि ते पानच नसेल तर का नाही हे विचारावं.

तर विनंती एवढीच, की या विषयावर एक पूर्ण पान द्या, आणि ते जूनमध्ये द्या. तुमचे असे लेख नोव्हेंबरात येतात, तोपर्यंत रायटिंग सॅम्पल सुधारायला आणि शिक्षकांना पत्रासाठी विचारायला वेळच उरलेला नसतो. मजकूर हवा असेल तर मी लिहून देईन, मानधन नको, आणि सध्या तिकडे शिकत असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांकडून तपासूनही घेईन.

आपली,
राज्यशास्त्राची एक शिक्षिका