१९६५ सांगितलं, २०१३ राहून गेलं

संपादक महोदय,
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मताधिकारावरचा रविवारचा लेख वाचला, चांगला आहे पण १९६५ चा मताधिकार कायदा झाला आणि प्रश्न सुटला असं जे त्यात म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. कायद्याआधी मिसिसिपी राज्यात जेमतेम ७ टक्के कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी होती, नोंदणीला गेलं की कारकून राज्यघटनेतलं एखादं कलम पुढे टाकायचा, याचा अर्थ लिहून दाखव म्हणायचा आणि पास-नापास ठरवणारा तोच. १९६७ पर्यंत आकडा ६० टक्क्यांच्या जवळ गेला. नुसता हक्क देऊन हे झालं नाही, केंद्राने आपली माणसं पाठवली आणि भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनची मंजुरी लागायची, खरा जोर तिथे होता. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेल्बी काउंटी खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ही राज्यं ठरवायचं सूत्रच रद्द केलं, म्हणजे आधी मंजुरीची अटच निकामी झाली, आणि त्या मंजुरीअभावी अडकून पडलेला मतदार ओळखपत्राचा कायदा आता लागू म्हणून टेक्सासने त्याच दिवशी जाहीरही करून टाकलं! आता नियम आधी लागू होतो, कोर्टात धाव मतदाराने घ्यायची, तोवर निवडणूक होऊनही जाते. एवढी मोठी गोष्ट लेखात यायलाच हवी होती.

– एक नियमित वाचक, पुणे