बेस गिटारची खरेदी : वॅटच्या आधी पाहायच्या गोष्टी

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत बेस गिटार आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा यावर आलेला लेख वाचला. ज्या वाद्याकडे ते बंद पडल्याखेरीज कुणाचे लक्ष जात नाही, त्याला वर्तमानपत्रात अर्धे पान मिळाले याचा मनापासून आनंद झाला. लेखातील दोन सल्ले मात्र खटकले. पुढे वाव मिळावा म्हणून नवशिक्याने पहिल्यापासूनच नेहमीच्या चारऐवजी पाच तारांचे वाद्य घ्यावे, हा एक. आणि परवडतील तितक्या जास्त वॅटचा अ‍ॅम्प घ्यावा, हा दुसरा. गेली बावीस वर्षे मी हे वाद्य वाजवतो आहे आणि हे दोन्ही सल्ले एकाच खरेदीत पाळून पस्तावलेलो आहे, म्हणून हे पत्र लिहितो.

आधी वॅटविषयी. तोच स्पीकर ठेवून त्याला दिलेली शक्ती दुप्पट केली, तर आवाजाची पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट झाला असे कानाला वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यामुळे ३०० वॅटच्या जागी ५०० वॅटचा अ‍ॅम्प आणला तर हाती येणारा फरक सुमारे २.२ डेसिबलचा असतो, जो शेजारी उभ्या ड्रमरच्या लक्षातही येईल की नाही याची शंका आहे. याउलट स्पीकर कॅबिनेटच्या माहितीपत्रकात एक आकडा कोपऱ्यात छापलेला असतो : एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, म्हणजेच त्या कॅबिनेटची संवेदनशीलता. हा आकडा एका कॅबिनेटचा ९४ आणि दुसऱ्याचा १०० असेल, तर पहिल्याला ४०० वॅट देऊन जे साधते ते दुसरे १०० वॅटमध्ये करून दाखवते. जास्त वॅट निरुपयोगी असतात असे माझे म्हणणे नाही. तार जोरात छेडली किंवा अंगठ्याने मारली की क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट शक्ती लागते, आणि ती राखीव नसेल तर आवाज फाटतो. पण वॅटचा आकडा शेवटी पाहावा. लेखात तो सर्वांत वर होता.

खर्ज तर याहून महाग पडतो. चार तारांच्या वाद्यावरील सर्वांत खालचा सूर, ई, सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि पाचव्या तारेवरचा बी सुमारे ३१ हर्ट्झचा. तेवढ्याच पातळीचा आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे हलावे लागते. कॅबिनेटवर लिहिलेली वॅटची मर्यादा ही बहुधा स्पीकरची कॉइल किती उष्णता सोसेल याची असते. खालच्या सुरांवर पडद्याच्या हालचालीची मर्यादा त्याच्या कितीतरी आधी येते. ज्या कॅबिनेटला पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचे भोक असते, त्यात तर एका ठरावीक कंपनसंख्येच्या खाली आतली हवा पडद्याला आवरेनाशी होते आणि पडदा मोकाट सुटतो. बंद पेटीत आतली हवा स्प्रिंगसारखी काम करते, त्यामुळे खालचा आवाज हळूहळू उतरत जातो पण स्पीकर बेतात राहतो. छोटी पेटी, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तीन गोष्टी एकाच कॅबिनेटमध्ये कधीही मिळत नाहीत. त्यांतल्या दोन निवडाव्या लागतात, आणि विक्रेता नेहमी तिसरीविषयी गप्प बसतो.

माझ्या पहिल्या मोठ्या खरेदीत मी हेच न समजता पाच तारांची गिटार, ५०० वॅटचा हेड (स्पीकरशिवायचा सुटा अ‍ॅम्प) आणि दहा इंची एकाच स्पीकरची पोर्टवाली लहानशी पेटी घेतली. उचलायला हलकी, दिसायला सुबक. पहिल्याच तालमीत मी पाचव्या तारेवरचा सूर लावला आणि पेटीतून सूर येण्याऐवजी ओले पोते झटकल्यासारखी फडफड आली. जाळीतून पडदा धडपडताना डोळ्यांनी दिसत होता. खर्ज कमी पडतो आहे असे समजून मी बेसची खुंटी आणखी उजवीकडे फिरवली, आणि फडफड वाढली. शेवटी आमच्या ड्रमरने उठून ती खुंटी अर्ध्याच्याही खाली आणली, मिडची, म्हणजे मधल्या सुरांची, थोडी वर नेली आणि पेटी जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवली. तेवढ्यात प्रत्येक सूर वेगळा ऐकू येऊ लागला. मिड आणि ट्रेबलचा आवाज स्पीकरसमोर सरळ रेषेत जातो, खर्ज मात्र चहूकडे पसरतो. पेटी पोटऱ्यांच्या उंचीवर असेल तर वादकाच्या कानापर्यंत नुसती घुमघुम पोहोचते, आणि ऐकू येत नाही म्हणून तो आवाज वाढवत राहतो. दोन पेट्या असतील तर त्या शेजारी-शेजारी मांडण्यापेक्षा एकीवर एक रचाव्यात, हेही त्याच कारणाने.

कॅबिनेटच्या मागे ओहमचा, म्हणजे विद्युत रोधाचा आकडा असतो, तो विकत घेण्याआधी वाचावा. आठ ओहमच्या दोन पेट्या जोडल्या की अ‍ॅम्पला चार ओहमचा भार दिसतो. चार ओहमच्या दोन जोडल्या की दोनचा, आणि चारच्या खाली चालणार नाही असे ज्या अ‍ॅम्पवर लिहिलेले असते तो तिथे तापून बंद पडतो किंवा जळतो. चार ओहमला ३०० वॅट देणारा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प आठ ओहमच्या एका पेटीला त्याच्या निम्म्याहून थोडेच जास्त देतो, हेही जाहिरातीत ठळक नसते. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा अ‍ॅम्प पेटी जोडल्याशिवाय कधीही चालू करू नये. अ‍ॅम्प आणि पेटी यांच्यामध्ये गिटारची केबल लावू नये. तिची आतली तार बारीक असते आणि एवढा प्रवाह तिच्यासाठी नसतो.

१९६९ साली आलेला अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा ३०० वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आणि त्याचे दहा इंची आठ स्पीकरांचे बंद कॅबिनेट यांचे चित्र पाहून आजही अनेकांना तसलेच काही हवे असते. ते ज्या काळात घडले तेव्हा मोठ्या मंचावरही बेसचा आवाज वादकाच्या मागच्या पेटीतूनच श्रोत्यांपर्यंत जावा लागे. आता जिथे ध्वनियंत्रणा असते तिथे डीआय आउट या अ‍ॅम्पवरच्या थेट जोडणीतून सिग्नल थेट मिक्सरकडे जातो आणि मंचावरची पेटी वादकाने स्वतःला आणि ड्रमरला ऐकण्यापुरती उरते. क्लास-डी पद्धतीचे हेड तीन किलोच्या आत मिळतात आणि निओडिमियम चुंबकांमुळे स्पीकरही हलके झाले आहेत. म्हणून खरेदीपूर्वी आपण महिन्यातून किती वेळा, कुठे आणि कुणाबरोबर वाजवतो याचा हिशेब मांडावा. मोठ्याने वाजवणारा ड्रमर आहे आणि ध्वनियंत्रणा नाही, अशा ठिकाणी दहा इंची चार स्पीकर किंवा बारा इंची दोन स्पीकर लागतात. घरच्या रियाजाला आठ किंवा दहा इंचाचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) पुरतो, आणि रात्री तर हेडफोनच बरे. घरी हळू आवाजात वाजवताना वाद्य पोकळ वाटते, कारण कमी पातळीवर आपल्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. त्यात वाद्याचा दोष नसतो. शिवाय ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी आठ मीटरांहून जास्त असते, त्यामुळे लहान खोलीत एका जागी एक सूर घुमतो आणि दोन पावले सरकले की तोच सूर नाहीसा होतो. अ‍ॅम्पची परीक्षा एका जागी उभे राहून करणाऱ्याने निम्म्या वेळा खोलीचीच परीक्षा केलेली असते.

आता गिटारविषयी, आणि इथे मोजपट्टी हाताची असावी. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा नट ते ब्रिज या दोन टेकूंमधील तारेची लांबी, म्हणजे स्केल लेंथ, ३४ इंच ठेवली, आणि आजही तेच माप रूढ आहे. या मापात पहिल्या आणि चौथ्या फ्रेटमधले, म्हणजे नेकवरच्या (मानेवरच्या) आडव्या धातूपट्ट्यांमधले अंतर सुमारे १३ सेंटिमीटर भरते. ३० इंची वाद्यावर तेच साडेअकरा सेंटिमीटर होते. दीड सेंटिमीटर म्हणजे काही नाही असे वाटेल, पण लहान पंजाच्या माणसाने तासभर सलग चालती बेसची ओळ वाजवून पाहावी. करंगळी कुठे दुखते ते कळते. आखूड स्केलवर ताण कमी असल्याने सूर गोल आणि मऊ येतो, काहींना तो आवडतो, काहींना ढिला वाटतो. नेकची जाडी आणि नटजवळची रुंदीही अशीच पाहावी : फेंडरच्याच १९६० च्या जॅझ बेसचा नट सुमारे ३८ मिलिमीटरचा, तर प्रिसिजनचा त्याहून रुंद. आवाजाच्या नादात हा चार-पाच मिलिमीटरांचा फरक लोक विसरतात आणि पुढे वर्षभर मनगटाला दोष देत बसतात.

पिकअपच्या, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाच्या बाबतीत इतकेच सांगतो की १९५७ पासून प्रिसिजनवर असलेला दोन तुकड्यांचा पिकअप विजेची गुणगुण स्वतःच दाबून टाकतो, जॅझ बेसवर मात्र दोन्ही पिकअप सारखे पूर्ण ठेवले तरच ती मरते. एक कमी केला की परत येते. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने आतच बॅटरीवर चालणारा, सिग्नल वाढवणारा प्रिअ‍ॅम्प रूढ केला. अशा वाद्यात केबल खोचलेली राहिली तर बॅटरी न वाजवताही उतरत राहते. आवाज बदलण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग मात्र तारा हा आहे, आणि त्याचा आपल्या लेखात उल्लेखही नव्हता. बेसवादक जेम्स जेमर्सन प्रिसिजनवर सपाट वेटोळ्याच्या तारा लावून उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवत. दुसरे बेसवादक जॅको पास्टोरियस यांचा गाता आवाज फ्रेट काढलेल्या जॅझ बेसचा, ब्रिजजवळच्या पिकअपचा आणि ब्रिजजवळ छेडणाऱ्या बोटांचा. आपला आवाज बोथट वाटतो म्हणून गिटार बदलायला निघालेल्याने आधी गोल वेटोळ्याच्या नव्या तारा लावाव्यात आणि हात दोन इंच ब्रिजकडे सरकवून पाहावा.

वाद्य बसून पारखू नये. पट्टा लावून पंधरा मिनिटे उभे राहावे आणि डावा हात सोडावा. डोक्याचे टोक जमिनीकडे झुकू लागले तर त्या वाद्याचा भार पुढे जन्मभर डाव्याच हाताला पेलावा लागतो. मग सर्वांत बारीक, म्हणजे ‘जी’ (G) या तारेवर पाचव्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर सारख्याच जोराने छेडून तो किती टिकतो ते मनात मोजावे. या तुळईसारख्या लांब लाकडी नेकवर तिथे एखादा सूर शेजाऱ्यांच्या निम्म्या वेळात विझताना पुष्कळदा आढळतो. त्यावर अ‍ॅम्पमध्ये इलाज नाही.

राहिली पाचवी तार. ज्याच्या गाण्यांना ईखालचे सूर रोज लागतात त्याने ती जरूर घ्यावी, आणि शक्यतो ३५ इंची स्केलची पाहावी, म्हणजे बी सैल लोंबत नाही. एखाद्याच गाण्यात खाली जायचे असेल तर ईची खुंटी सैल करून डी लावता येतो. नवशिक्याला मात्र पाचव्या तारेचा पहिला अनुभव येतो तो ती आपोआप वाजते याचाच. बाकीच्या चार वाजवताना तिला गप्प ठेवणे हे वेगळे शिक्षण आहे, आणि तिचा सूर पेलणारी पेटी घेणे हा वेगळा खर्च. माझी पाच तारांची गिटार अजून घरात आहे. तिची पाचवी तार मी बहुतेक वेळ अंगठा टेकवायला वापरतो, आणि त्या कामाला ती उत्तम आहे.

आपल्या लेखासोबतच्या तक्त्यात प्रत्येक अ‍ॅम्पपुढे वॅट आणि प्रत्येक गिटारपुढे तारांची संख्या असे दोनच रकाने होते. तो तक्ता पुन्हा छापण्याचा योग आला, तर वॅटच्या शेजारी ओहम आणि कॅबिनेटची संवेदनशीलता, आणि तारांच्या शेजारी स्केल लेंथ व वजन हे रकाने घालावेत, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक बेसवादक वाचक