हातातून उडालेला कंगवा

सेलू

प्रिय दत्ता,

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर आमचा धाकटा भाऊ आठवत राहिला. लेकीला परवा फिट आली, हे तू रडत सांगितलंस. पण त्याआधी महिनाभर सकाळी वेणी घालताना तिच्या हातातून कंगवा उडायचा, हे सहज बोलून गेलास. मी त्या कंगव्यापाशीच थांबलो रे.

धाकट्याचं असंच होतं. लाईट रात्रीची, म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रभर वावरात. सकाळी हातातला चहाचा कप उडायचा. दादा म्हणायचे, पोराचं लक्ष नाही. मग एकदा अंगणातच फेफरं आलं. कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. दोन वर्षं अंगारे-धुपारे करण्यात गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "किती वाजता येते?" किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार असतो, त्यात उठल्या उठल्या हात झटकतात आणि जागरणाने तो बळावतो, हे तेव्हा कळलं.

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. काहींना झटके दिवसाच येतात, काहींना रात्रीच, हे लंडनच्या गॉवर्स नावाच्या डॉक्टरांनी १८८० च्या दशकातच टिपलं होतं. कपाळामागच्या भागातले झटके बरेचदा झोपेत येतात, कानशिलाकडचे बरेचदा दुपारनंतर. २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला. ३७ रुग्णांच्या डोक्यात बसवलेल्या यंत्रांनी टिपलेल्या मेंदूतल्या विजेच्या नोंदी त्यात होत्या. दिवस-रात्रीच्या लयीखेरीज अनेकांत आणखी एक लांब लय सापडली, बहुधा २० ते ३० दिवसांची. तिच्या चढत्या काळात झटक्यांचा धोका वाढतो. दत्ता, ज्याला आपण अवचित म्हणत आलो, त्यालाही वेळ असते! झटक्याची वेळ बघून गोळीची वेळ आणि मात्रा ठरवता येईल का, यावरही काम चालू आहे. पण आपण मनाने काही बदलायचं नाही, गोळी चुकवायची तर नाहीच.

लातूरच्या क्लासचं दडपण मला कळतं. तरी रात्री दोनपर्यंतचा अभ्यास आजपासून बंद कर. एक वही घाल: झोपली कधी, उठली कधी, हात कधी झटकला. जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ घे. आणि मेंदूच्या डॉक्टरांना कंगव्याचं आधी सांग, तू विसरशील.

धाकटा आता दहाला झोपतो, रात्रीच्या पाण्याला गडी लावलाय. शनिवारी त्यालाच घेऊन येतो. लेकीशी तो बोलेल.

तुझा,
बाळू