काळ्या मातीवर कबड्डीचं मैदान असं होत नाही

महोदय,

पूर्व विदर्भात दिवाळीच्या आगेमागे धान निघतो, म्हणून मंडई (गावोगावच्या जत्रा) आणि झाडीपट्टीची नाटकं हिवाळ्यात रंगतात. यवतमाळ-अमरावतीकडे मात्र कापसाची वेचणी लांबत जाते. इथल्या पोरांना खेळायला सवड मिळते ती उन्हाळ्यात, तीही ऊन उतरल्यावर. नेमक्या त्याच वेळी काळ्या मातीला खोल भेगा पडलेल्या असतात. कबड्डीत त्यात पाय अडकला की घोटा मुरगळलाच.

यावर उपाय म्हणून दोन बोटं मुरूम पसरला जातो. पावसात खालची माती फुगते, मुरूम चिखलात रुततो आणि वर टोकदार खडे उरतात. त्यावर पकड कोण करणार? फूटभर काळी माती काढावी, मुरूम दोन थरांत टाकावा, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबावा आणि वर चाळलेली बारीक माती अंथरावी. मध्यापासून कडेला थोडा उतार आणि भोवती नाली हवीच, नाहीतर पाणी मुरून सगळं पुन्हा उखडतं. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. एकाच जागेत दोन्ही आखता येतात. मुलींची आखणी राहून जाते, ती करावीच.

ग्रामपंचायतींनी हे काम मार्चपर्यंत उरकावं, ही कळकळीची विनंती.

– कबड्डीप्रेमी वाचक, यवतमाळ जिल्हा