अभिमान पदयात्रेची नोंद कोण ठेवणार?

संपादक, यांस
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी नुकतेच लिहिले की, समलिंगी, तृतीयपंथी आदी (एलजीबीटी) लोकांची प्राइड, म्हणजे अभिमान, पदयात्रा हे अमेरिकेतून आलेले खूळ असून पुण्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, वर तिच्यामुळे जंगली महाराज रस्त्यावर वाहतूक तुंबते. वाहतुकीचे उत्तर सोपे आहे. तो रस्ता एरवीही तुंबलेलाच असतो, त्यासाठी कुणाला पदयात्रा काढावी लागत नाही.

अमेरिकेबद्दलचे त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. न्यूयॉर्कमध्ये समलिंगी लोक जमत त्या स्टोनवॉल इन या बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटून उभे राहिले, ते 28 जून 1969 रोजी. वर्षभराने त्याच तारखेला तिथे पहिला मोर्चा निघाला. इंद्रधनुषी झेंडा 1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर यांनी केला. तेव्हा त्यात आठ पट्टे होते, पुढे सहा राहिले. हे सगळे तिकडचेच आहे, नाकारायचे कशाला? बाहेरून आले म्हणून टाकून द्यायचे ठरवले तर छापखाना आणि वृत्तपत्रही टाकावे लागेल, मग गृहस्थांनी पत्र कुठे पाठवले असते?

पण पुण्यात ही पदयात्रा आली ती मराठी माणसांच्या कामातून आली, आणि ते आपल्या पानांवर क्वचितच येते. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केली. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंडविधानाचे 377 कलम पूर्ण लागू होते. 1860 च्या त्या कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. संस्थेने हेल्पलाइन चालवली, समुपदेशन केले. खिरे यांनी या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली, कारण इंग्रजी न वाचणाऱ्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना हातात द्यायला मराठीत फारसे काही नव्हते. रस्त्यावर उतरायच्या आधीची नऊ वर्षे अशी गेली.

देशात कोलकात्याने सर्वांआधी पाऊल उचलले. 2 जुलै 1999 रोजी तिथे पंधरा जण चालले. दिल्लीत पहिली पदयात्रा जून 2008 मध्ये निघाली तेव्हा त्यात कित्येकांनी मुखवटे घातले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानाकडून लोक निघाले. पुढच्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांमधले संमतीचे संबंध 377 च्या कचाट्यातून सोडवले. त्या मोकळ्या काळात, रविवार 11 डिसेंबर 2011 रोजी, पुण्याची पहिली पदयात्रा निघाली.

मार्ग अगदी आपल्या पायाखालचा: संभाजी उद्यान, डेक्कन, गुडलक चौक, फर्ग्युसन रस्ता, ज्ञानेश्वर पादुका चौक. आषाढीला माउलींची पालखी फर्ग्युसन रस्त्यानेच येते. माणसे मोजकी होती. फुटपाथवरचे लोक एकमेकांना "कसला मोर्चा आहे?" असे विचारत होते, आणि उत्तर कळल्यावर काही जण हसत होते, काही जण नुसतेच बघत होते. कुणी दगड मारला नाही. पुणेकराने दगड मारण्याऐवजी शंका विचारावी हे मला त्या दिवशी फार बरे वाटले होते.

कर्वे रस्ताही डेक्कनपासून हाकेच्या अंतरावर. महर्षी कर्वे आपल्याला ठाऊक असतात, त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव मात्र आपण सोयीने विसरतो. फर्ग्युसनचे हे विद्यार्थी पुढे मुंबईत 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवू लागले. 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना छापलेल्या उत्तरांवरून. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध असे त्या प्रश्नांचे विषय होते. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारतात तर त्यांना उत्तर मिळायलाच हवे, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. म्हणजे ज्या विषयाला आपले पत्रलेखक अमेरिकेचे ताजे खूळ म्हणतात, त्यावर मराठी वाचक नव्वद वर्षांपूर्वी पत्रे लिहून प्रश्न विचारत होते, आणि एक मराठी संपादक ते छापून दंड भरत होता.

पहिल्या पदयात्रेला बरोबर दोन वर्षे झाली त्याच तारखेला, 11 डिसेंबर 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल रद्द केला. निकालपत्रात या लोकांची संख्या अत्यल्प असल्याचाही उल्लेख होता. म्हणून मला त्या निकालानंतरच्या पदयात्रा सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. 377 मध्ये शिक्षा होती ती कृतीला, रस्त्याने चालण्याला नव्हे. तेव्हा झेंडा घेऊन चालणाऱ्याला नुसते चालला म्हणून अटक करता येत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत, भाड्याच्या खोलीत, मामाच्या घरी कुणीही कायद्याचे बोट दाखवू शकत होते, आणि पैसे उकळणारेही नेमके तेच दाखवत. तरी लोक चालले, आणि दरवर्षी वाढत गेले. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सज्ञानांमधले संमतीचे संबंध 377 मधून वगळून तो प्रश्न निकालात काढला. पुण्यातली पदयात्रा तोवर जूनमध्ये निघू लागली होती.

एक वाद आतलाही होता. पोशाख कसा असावा, फलकांवर आणि घोषणांत काय असावे, काय नसावे, याबद्दल आयोजकांनी नियम घालावेत का? एका बाजूचे म्हणणे, लोकांना बिचकवून काही साधत नाही. दुसऱ्या बाजूचे, अभिमानाच्या दिवशीही आम्ही शेजाऱ्यांच्या मर्जीचेच कपडे घालायचे का? मला पहिली बाजू कळते. आडून, सावकाश, समोरच्याला फार न दुखावता काम काढून घेण्याची या शहराची जुनी रीत आहे, आणि सुरुवातीला तिचा उपयोगही झाला असेल. तरी माझे मत दुसऱ्या बाजूचे. विसर्जन मिरवणुकीतल्या नाचाला आपण कधी पोशाखाचे नियम लावत नाही.

तृतीयपंथीयांचे तर याहून जुने. ते या रस्त्यांवर कायमच होते, आपण फक्त काच वर करत होतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल 2014 मध्ये लागला आणि त्यांना कायद्याने स्वतंत्र ओळख मिळाली. त्या लढ्यातल्या गौरी सावंत पुण्यात वाढलेल्या. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2022 मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि सार्वजनिक स्वच्छतेवर लक्ष ठेवणारे ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतले. ती बातमी आपल्याकडे कितव्या पानावर होती, ते एकदा काढून पाहावे.

आता मुद्द्याचे. गणपती मंडळांच्या स्थापनेची वर्षे, पानशेतच्या पुराची पातळी, बंद पडलेल्या चित्रपटगृहांचे पत्ते, सगळ्याची आपण नोंद ठेवतो. या पदयात्रेची मात्र दरवर्षी एकाच साच्यातली बातमी होते: सर्वांत भडक रंगभूषा असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र, खाली दोन ओळी. बाजूने साध्या शर्टात चालणारा बँकेतला कर्मचारी, मुलीबरोबर आलेली आई, फलक कसाबसा धरलेला कॉलेजचा पोरगा हे कुठेच नसतात. आणि छापले तर भलतेच होते. माझ्या परिचयातल्या एका मुलाचा चेहरा असाच एकदा न विचारता छापला गेला आणि गावाकडच्या घरी त्या पानानेच सगळे सांगितले. त्याने स्वतः सांगायचे ठरवले होते, फक्त पुढच्या दिवाळीला.

आपल्याकडे दोन विनंत्या. छायाचित्र छापण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे. गर्दीत विचारता येत नसेल तर पाठमोरे घ्यावे. दुसरी विनंती मोठी आहे. 2011 मध्ये संभाजी उद्यानापाशी जमलेली माणसे अजून पुण्यातच आहेत, काहींचे केस पिकलेत. त्यांना गाठून, ज्यांना चालेल त्यांच्या नावासह आणि ज्यांना नाही त्यांच्या नावाविना, रविवार पुरवणीत एक लेखमाला करावी. परवानगी कुणी आणली, पहिला फलक कुणी रंगवला, कोण ऐन वेळी घरी फिरले, हे सांगणारी माणसे आहेत तोवरच कळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, त्यामुळे चालण्याचे कारण संपलेले नाही आणि लेखमालेला पुढचे भागही मिळतील.

माझ्याकडे सुरुवातीच्या वर्षांतल्या बातम्यांची काही कात्रणे आहेत, त्यात आपल्या अंकातलीही आहेत. हवी असल्यास कार्यालयात आणून देईन. झेरॉक्स काढून मूळ प्रती परत द्याव्यात. मागे एकदा दिवाळी अंकाला दिलेले फोटो आजतागायत परत आलेले नाहीत.

आपली,
एक नियमित वाचक
प्रभात रस्ता, पुणे