पाटल्या

प्रिय दिग्या,

सात महिने पत्र नाही. शिव्या भेटल्यावर दे, जमवून ठेव. तब्येत बरी, साखर जरा वर.

काल आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. हे तुलाच का लिहितोय ते कळलं असेल, लेका.

जुलै १९९१, नरसिंह राव नुकतेच पंतप्रधान झालेले. मेसमध्ये पेपर नाचवत मी ओरडलो होतो, "घरातलं सोनं सावकाराकडे टाकणारा पंतप्रधान!" देशाचं ४७ टन सोनं गहाण, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे. तू वाटी आपटलीस. "जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरलेत. मग काय विकायचं, तुझी सायकल?" आधीचं २० टन पंतप्रधान चंद्रशेखरांच्या काळात गेलं, हेही सुनावलंस. मग आठ दिवस अबोला. सायकलीला गिऱ्हाईक मिळालंच नसतं, ते सोड.

काल बँकेतल्या सराफानं पाटली कसोटीच्या दगडावर घासली. खाचेत वाळलेली कणीक होती, ती पिनेनं कोरून काढली आणि मग वजन केलं. मी दुसरीकडे बघत होतो.

प्रेसला काम नाही, दिग्या. लग्नपत्रिकासुद्धा मोबाईलवर जातात. दोघांचे पगार थकलेत. बाजारात कळलं तर कागदवाला उधारी बंद करेल, म्हणून कुणाला सांगत नाही. आई विचारते, "सूनबाईचे हात मोकळे का?" ही म्हणते, पॉलिशला दिल्यात. मी नरसिंह रावांसारखे ओठ पुढे काढून गप्प.

तेव्हाचे अर्थमंत्री मनमोहन सिंगच सांगायचे ना, राव त्यांना गमतीनं म्हणाले होते की जमलं तर श्रेय सगळ्यांचं, फसलं तर तुम्हाला घरी पाठवीन. मी तेच हिला ऐकवलं. म्हणाली, "श्रेय तुम्हीच ठेवा, पाटल्या आणा."

तुझा मुद्दा आता पटतो. पण माझा एक सोडणार नाही. नरसिंह राव आपल्या रामटेकचा खासदार होता, 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा माणूस, इतक्या भाषा यायच्या. मग एका तरी भाषेत लोकांसमोर येऊन मोकळं बोलायचं होतं! तेव्हा मौनीबाबा म्हणून हसलो आपण. २००४ मध्ये गेला तेव्हा दिल्लीत दहनाला जागा मिळाली नाही, हैदराबादला नेलं. भारतरत्न मिळालं २०२४ मध्ये. तू त्या दिवशी फोन केलास, मी उचलला नाही. हरलो होतो ना.

नातीचं अभिनंदन. वहिनींच्या बदलीचं काय झालं? गुडघा दाखव एकदा.

दिवाळीत ये. आईसमोर सोन्याच्या भावाचा विषय तेवढा काढू नकोस.

तुझा,
बंड्या