गाठी कशासाठी काढायच्या

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये, स्कॅन स्वच्छ असताना ओटीपोटातल्या गाठी कशाला काढायच्या, असे तू फोनवर विचारलेस. तेव्हा तुझे बाबा शेजारीच होते, त्यामुळे नीट बोलता आले नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पसरू लागला की तो बहुधा आधी लसिकावाहिन्यांतून मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे तू म्हणतेस त्या गाठींत, शिरतो. तिथे दोन-एक मिलिमीटरचा कण असला तर एमआरआयलाच काय, पेट स्कॅनलाही तो सहसा दिसत नाही. तो सापडतो सूक्ष्मदर्शकाखाली. आणि तो सापडला तर, फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणाप्रमाणे, कॅन्सरची मूळ गाठ कितीही लहान असली तरी स्टेज तिसरी धरतात, आणि मग रेडिएशन व जोडीला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध घ्यावे लागते. म्हणजे या ग्रंथी काढायच्या त्या मुख्यतः पुढचे उपचार ठरवण्यासाठी.

आपले डॉक्टर आधी पिशवीच्या तोंडाजवळ आयसीजी नावाचे द्रव्य टोचणार आहेत. ते ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचते, ती खास कॅमेऱ्यात हिरवी चमकते. तिला सेंटिनल म्हणतात. तिचे पातळ काप करून बारकाईने तपासतात. त्याखेरीज दोन्ही बाजूंच्या उरलेल्या ग्रंथीही काढायच्या, असे त्यांचे मत आहे. केवळ सेंटिनलवर थांबता येईल का, हे मी स्पष्ट विचारले, कारण सगळ्या काढल्या की पायाला कायमची सूज येण्याचा धोका वाढतो. ओपीडीत एक बाई भेटल्या. डाव्या पायात मांडीपर्यंत घट्ट स्टॉकिंग, आणि पायांत चप्पल लाईनमधून मुद्दाम दोन मापांची करून घेतलेली कोल्हापुरी जोडी. त्या हसून बोलत होत्या, पण मला धडकी भरली. तरीही माझी मूळ गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी असल्याने मी डॉक्टरांचे म्हणणे मान्य केले आहे.

दुर्बिणीचा आग्रह मात्र तू सोड. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्या बायकांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले, तेव्हा पोट उघडूनच होईल.

ऑपरेशनच्या दिवशी तुझी मावशी आहे. तू रजा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईल तेव्हासाठी राखून ठेव. रेडिएशन लागणार की नाही हे त्या दिवशी ठरेल, आणि डॉक्टरांसमोर बसायला मला तू हवी आहेस.

तुझी,
आई